आंबा पडल्यावर ती जोडी कुठे गेली

डिसेंबरात काकूंचा फोन आला. विहिरीचं पाणी, धाकट्याचं लग्न, यंदा आंब्याला मोहोर उशिरा आहे, असं सगळं बोलून झालं आणि फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "अगं, सांगायचं राहिलंच. पलीकडच्या डोंगरातनं पहाटे तसा आवाज येतोय परत."

तसा म्हणजे कसा हे मला विचारावं लागलं नाही. घसा बसलेल्या बदकानं ओरडावं तसा, क्यँक क्यँक क्यँक, एकदा सुरू झाला की दहाबारा वेळा, आणि बरेचदा दोघं मिळून. चार वर्षं मी तो आवाज ऐकला नव्हता. त्याच रात्री कॅलेंडर काढून बसले आणि जानेवारीतला पहिला मोकळा शनिवार-रविवार धरला, सोमवारची रजा टाकली. बहिणीचा मुलगा गेली दोन वर्षं पक्ष्यांच्या मागे वेडा झालाय, दहावी झाल्यापासून दर रविवारी पाषाण तलावावर असतो, त्याला म्हणलं चल, समुद्रगरुड बघायला जायचंय. तो म्हणाला मावशी, नक्की दिसेल? मी म्हणलं माहीत नाही, आवाज आलाय एवढंच माहीत आहे.

पुण्याहून ताम्हिणी उतरलो, माणगाव, म्हसळा करत बागमांडल्याला आलो आणि फेरीबोटीत गाडी चढवली. सावित्रीची खाडी तिथे चांगली रुंद आहे, समोर बाणकोटचा किल्ला दिसतो, वारा तोंडावर येतो आणि मला प्रत्येक वेळी तिथेच सुट्टी लागल्यासारखं वाटतं. वेसवीला उतरल्यावर आम्ही कुठे वळलो ते मात्र इथे लिहिणार नाहीये. बाणकोट ते दाभोळ यांच्यामधे एक लहान खाडी, एवढं पुरे. घरटं चालू असताना जागा सांगायची नाही हा माझा नियम आहे, आणि तो मला कुठल्या पुस्तकातून मिळालेला नाही, ते पुढे सांगते.

आधी पक्ष्याबद्दल. पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड जगाचा विचार केला तर दुर्मिळ नाही, आपल्या किनाऱ्यापासून थेट ऑस्ट्रेलियापर्यंत आहे. पण आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मुंबईच्या आसपास त्याची नेहमीची हद्द संपते, आणि जिथे आहे तिथेही घोळक्यानं नसतो. एका खाडीला एक जोडी, फार तर दोन. पंख पसरले की माणसापेक्षा जास्त, सहा-सात फूट. डोकं, छाती, पोट पांढरं स्वच्छ, पाठ राखाडी, आणि खालून बघितलं की पंखांची मागची कड काळी, पांढऱ्या पातळाला काळा काठ असावा तशी. शेपूट आखूड, पाचरीच्या आकाराची. जोडी वर्षानुवर्षं तेच घरटं वापरते, दर हंगामात वर नव्या काटक्या चढवते, त्यामुळे जुनं घरटं म्हणजे झाडावर ठेवलेली लाकडाची मोळीच दिसते. अंडी बहुतेक दोन, आणि पिल्लू बरेचदा एकच वाचतं. आता एवढ्या ओझ्याला आणि एवढ्या मोठ्या पक्ष्याला ये-जा करायला झाड कसलं लागेल विचार करा. उंच, जुनं, जाड फांद्यांचं, खाडीच्या जवळ आणि चारी बाजूंनी मोकळं. माशांची ददात नाही आपल्या खाड्यांमधे अजून. झाडांची आहे.

मी याला पहिल्यांदा नीट पाहिला तो कासवांमुळे. २०१६च्या मार्चमधे वेळासला कासव महोत्सवाला गेले होते, ऑलिव्ह रिडलेची पिल्लं समुद्राकडे निघतात ती बघायला. तिथे कळलं की हे सगळं सुरूच झालं या गरुडामुळे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेची माणसं, भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी, समुद्रगरुडाची घरटी मोजत किनाऱ्यानं गावोगाव फिरत होती, आणि २००२ साली वेळासच्या वाळूत त्यांना कासवाची अंडी चोरीला गेल्याच्या खुणा दिसल्या. शोधायला गेले गरुड आणि हाती लागली कासवं. आज तिथे हजारो माणसं येतात, गावात होमस्टे झालेत, पण तो मूळ पक्षी बघायला कुणी वर मान करत नाही याचं मला वाईट वाटतं. त्या वेळी राहायला वेळासला जागा मिळाली नाही म्हणून कुणीतरी काकूंचा नंबर दिला, मी तिथे गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परसात दात घासत उभी असताना डोक्यावरून तो गेला. पायात मासा होता. मासा अजून हलत होता.

काकूंच्या परसामागे रायवळ आंबा होता. तीन माणसांच्या कवेत न येणारा. त्याच्यावर घरटं. काकूंच्या सासूबाई तेव्हा होत्या, नव्वदीच्या, पडवीत बसलेल्या असायच्या. त्या म्हणाल्या, मी नवी सून म्हणून आले तेव्हापासून बघत्ये यांना. तीच जोडी इतकी वर्षं कशी असेल, पण घरटं तेच होतं, आणि आजींच्या लेखी ती तीच होती. त्या आंब्याला दोनदा गिऱ्हाईक आलं होतं. एकदा होडीसाठी, एकदा फळ्यांसाठी. घरात पैशांची गरज होती तेव्हाही. आजींनी दोन्ही वेळेला नाही सांगितलं. मी विचारलं का, तर म्हणाल्या, "वर बाळंतीण बसलेली असते गो दरवर्षी. तिच्या खालची खाट विकायची काय?"

आंब्याखाली जायला आजींनी मनाई केली होती, पिल्लू उडून गेल्यावर जा म्हणाल्या. म्हणून मे महिन्यात परत गेले. झाडाच्या बुंध्याशी काय काय होतं! बोयांचे खवले, कडक होऊन वळलेले. शिंगाळ्यांचे काटे, दाते असलेले, हाताला लागले तर रक्त काढतील असे. समुद्रफेणाचे तुकडे. आणि पाचोळ्यात एक माळ, मला खरंच आधी माळ वाटली, बोटभर जाडीची, पांढरी, उचलली तर ती समुद्रसापाच्या कण्याची होती. एकेक मणका दुसऱ्यात अडकलेला, अजून सुटला नव्हता. विषारी साप, आणि तो याचा नाश्ता. ती माळ काकूंनी कागदात बांधून दिली होती, अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे.

आता तो नियम. २०१३ साली, म्हणजे काकूंची ओळख व्हायच्या आधी, मी एका ग्रुपबरोबर दुसऱ्याच खाडीवर गेले होते. नऊ जण होतो. सात जणांकडे मोठ्या लेन्स. एकानं घरट्याचं लोकेशन मिळवलं होतं, आम्ही सरळ झाडाखाली गेलो आणि तिथे ठाण मांडून बसलो, कारण प्रत्येकाला उतरतानाचा फोटो हवा होता. मादी घरट्यावरून उठली, वर घिरट्या घालत ओरडत राहिली आणि आम्ही म्हणत होतो काय मस्त कॉल करतेय. सव्वा तास. डोमकावळे दोन आधीपासून शेजारच्या झाडावर होते. एक घरट्यात उतरला. आमच्यातल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या, दगड मारला, पण तो निघाला तेव्हा त्याची चोच पिवळी झाली होती. ते मी दुर्बिणीतून बघितलं. परतीच्या गाडीत कुणी त्यावर बोललं नाही, फोटोंवर बोलले. मीही बोलले नाही. मला नंतर कळलं की हा पक्षी या बाबतीत फार हळवा आहे, अंड्यांवर बसलेला असताना त्रास झाला तर घरटं सोडून देतो. त्या हंगामात ते घरटं रिकामं राहिलं. माझ्याकडे त्या दिवसाचा एक अतिशय सुंदर फोटो आहे, पंख पूर्ण उघडलेले, मागे निळं आकाश. अकरा वर्षांत कुणालाही दाखवलेला नाही आणि डिलीटही करवत नाही.

मग ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ. टीव्हीवर अलिबाग, श्रीवर्धन दाखवत होते, पण मंडणगड-दापोलीचा किनाराही त्याच तडाख्यात होता. लॉकडाऊन, त्यात फोन बंद, वीज नाही. कित्येक दिवसांनी काकांचा फोन लागला. कौलं उडाली, सगळी सुपारीची बाग आडवी, सगळे सुखरूप. मी विचारायचं की नाही असं करत होते, माणसांच्या डोक्यावर छप्पर नाही आणि ही पक्ष्याचं विचारते, तर काका स्वतःच म्हणाले, "आंबा गेला. मुळासकट. आई नाहीये ते बरं झालं." आजी आदल्या वर्षीच गेल्या होत्या.

ऑक्टोबरात ती जोडी आली होती असं काकू सांगतात. आंबा होता त्या जागेवर दोन दिवस घिरट्या घातल्या, मग दिसली नाही. पुढच्या मेमधे तौक्ते आलं. मी दर हिवाळ्यात विचारायचे, त्या नाही म्हणायच्या. एकदा म्हणाल्या परसात आता आकाश फार मोठं झालंय गं, बरं नाही वाटत.

शनिवारी दुपारी दोनच्या सुमाराला पोचलो. काका ओट्यावरच होते, म्हणाले जेवून घ्या, आज तृतीया, सव्वादोनला भरती पूर्ण, मग पाणी उतरायला लागलं की जा. भाच्याला कळेना की हे मोबाईल न बघता कसं सांगितलं. तिथीची पाऊणपट करायची, काका म्हणाले. तृतीयेची पाऊणपट सव्वादोन, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि अमावस्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. भाच्यानं ऍप काढून ताडून बघितलं, जवळपास बरोबर निघालं. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

संध्याकाळी खारबांधावर बसलो. पाणी ओसरत होतं, चिखलावर तुतारी, चिखल्या, दोन कुदळ्या असे पाणपक्षी. भाचा तीनदा ओरडला, मावशी गरुड! पहिली ब्राह्मणी घार. पांढऱ्या डोक्यामुळे सगळ्यांचंच होतं तसं, पण तिचं बाकी अंग विटकरी असतं आणि आकारानं ती कितीतरी लहान. दुसरी पण तीच. तिसरा कैकर होता, आणि त्यानं वरून पाण्यात अशी उडी घेतली की भाचा पुढची दहा मिनिटं गप्प होता. पण आपला पक्षी नाही. आवाजही नाही. सात वाजता अंधार पडल्यावर उठलो. रात्री जेवताना काकू सारखं म्हणत होत्या, मी चुकीचं तर नाही ना ऐकलं, तुम्हाला एवढ्या लांबून बोलावलं. मी म्हणलं काकू, तुम्ही तीस वर्षं हा आवाज ऐकलाय. पण मला झोप लागली नाही. आवाज दुसऱ्या कशाचा असू शकतो याची यादी करत पडले होते.

रविवार, संकष्टी. ओहोटी नऊला, म्हणजे सहा ते नऊ पाणी उतरतं राहणार, मासे धारेला लागणार. पावणेसहाला बांधावर होतो. थंडी कोकणाच्या मानानं कडक होती आणि खाडीवर धुकं इतकं की पलीकडचा डोंगर नव्हताच, नुसती पांढरी भिंत. स्कोप, म्हणजे तिकाटण्यावरची मोठी दुर्बीण, लावून ठेवला, बघायला काही नाही. भाचा हात काखेत घालून बसलेला. सहा पंचवीसला धुक्यातून आवाज आला.

क्यँक क्यँक क्यँक. आणि लगेच दुसरा, जरा वरच्या पट्टीतला, त्याच्यात मिसळलेला.

मी भाच्याचा दंड धरला. नंतर तो म्हणाला मावशी तुझी नखं लागली. मला आठवतच नाही.

धुकं निघायला पाऊण तास लागला. आधी डोंगराचा माथा दिसायला लागला, मग उतारावरची झाडं एकेक करून. आणि मग तो आला, डावीकडून, खाडीच्या मधोमध, पाण्यापासून दोन पुरुष उंचीवर. पंख हलवतच नव्हता. याचे पंख तरंगताना सपाट नसतात, वर उचललेले असतात, इंग्रजी व्ही सारखे, आणि ते एकदा डोळ्यांत बसलं की मैलावरूनही ओळखता येतं. भाच्याला काही सांगावं लागलं नाही. तो ओरडलाही नाही या वेळी. पक्षी थोडा खाली झाला, कैकरासारखी उडी नाही, नुसते पाय पुढे आले, पाण्याला एक रेघ पडली आणि तो परत वर. पायात टोळ मासा होता, लांबडा, चंदेरी, उन्हाची पहिली तिरीप त्याच्यावर पडली आणि तो चमकला. मासा लांबीच्या दिशेनं धरलेला, डोकं पुढे. त्यानं खाडी ओलांडली, उताराकडे गेला, आणि एका बेहड्याच्या शेंड्याखाली बसला.

स्कोप फिरवला. बेहड्याची पानं हिवाळ्यात विरळ होतात म्हणून दिसलं. मोठ्या खोडाला तीन फांद्या फुटतात तिथे काटक्यांचा ढीग, आंब्यावरच्या घरट्याच्या निम्माही नाही, दोन-तीन हंगामांचाच असावा. म्हणजे ही जोडी परत आली होती त्याला बरेच दिवस झाले असणार, गावाच्या बाजूनं मधल्या टेकाडामुळे दिसलं नसेल. आणि घरट्याच्या कडेवरून एक पांढरं डोकं वर आलं. मादी बसलेली होती. नर मासा घेऊन काठावर आला तरी ती उठली नाही, मान लांब करून घेतला. मग तिनं चोचीनं पोटाखाली काहीतरी सरकवलं, दोनदा, सावकाश, आणि परत बसली. एवढंच. मला त्या वेळी रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

भाचा म्हणाला, मावशी, त्या टेकाडावरून मस्त अँगल मिळेल, अर्ध्या अंतरावर आहे. मी नाही म्हणलं. तो म्हणाला फक्त पाच मिनिटं, झाडाखाली नाही जायचं. मग त्याला मी तिथेच बांधावर बसून २०१३चं सगळं सांगितलं, कावळ्याची चोच कशी होती तेही. त्यानं कॅमेरा बॅगेत ठेवला. पुढचे दोन तास आम्ही तिथूनच बघितलं, अर्धा किलोमीटर तरी असेल. स्कोपमधे ती करंगळीच्या नखाएवढी.

साडेआठला काकू थर्मास घेऊन आल्या. त्यांना स्कोपमधून बघा म्हणलं. इतक्या वर्षांत त्यांनी हा पक्षी खालूनच पाहिलेला, पदर डोक्यावर धरून, उन्हात डोळे बारीक करून. त्यांनी एक डोळा हातानं झाकला आणि वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच. मग म्हणाल्या, "डोळा केवढा काळा आहे गं. आणि कशी शांत बसलीये." आणि जरा थांबून, वेगळ्या आवाजात, "हा बेहडा तर वाटणीत मुंबईकरांकडे गेलेला."

मुंबईकर म्हणजे काकांचे चुलत पुतणे. काकूंनी सांगितलं की दिवाळीनंतर तो सगळा उतार एका लाकूडवाल्यानं बघून ठेवलाय, झाडांवर चुन्यानं आकडे घातलेत, शिमग्याला मंडळी गावी आली की व्यवहार होणार आणि लगेच तोड. मी मनातल्या मनात हिशेब मांडला. अंडी आता असतील तर दीड महिना उबवणं, म्हणजे फेब्रुवारीच्या पुढेमागे पिल्लू, मग उडायला सत्तर-ऐंशी दिवस. एप्रिल उजाडणार, कदाचित मेही. शिमगा त्याच्या आधी, पिल्लू नुसतं कापसाचा गोळा असताना. काकूंना बोटं मोजायला लागली नाहीत, त्या म्हणाल्या वैशाखापर्यंत थांबवायला हवं.

भाचा म्हणाला वन्यजीव कायद्यात पहिल्या शेड्युलमधला पक्षी आहे, घरटं पाडणं गुन्हा आहे, फॉरेस्टला कळवू. त्याचं बरोबर आहे, आणि वेळ आलीच तर मी कळवीनच, कुणाला वाईट वाटो. पण गावात पहिला फोन तिकडे गेला तर पुढच्या पन्नास वर्षांत त्या उतारावर कुणी घरटं होऊ देणार नाही, काटक्या दिसल्या की काढून टाकतील. हे मी इतर गावांत बघितलंय. त्यामुळे आधी घरातलं माणूस.

संध्याकाळी ओट्यावर बसलो. काकांनी पुतण्याला दोनदा फोन लावला, उचलला नाही, रविवार असला तरी त्याची ड्युटी असते म्हणे. मग काका भाच्याला म्हणाले, तूच व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप कर, मी सांगतो. भाच्यानं विचारलं काय लिहू, झाड विकू नका असं लिहू? घरट्याचा फोटो टाकू?

काकांनी थोडा विचार केला. आत काकू संकष्टीच्या नैवेद्याचे मोदक वळत होत्या, त्यांचा हात थांबलेला मला दारातून दिसला.

"नको," काका म्हणाले. "विकण्याचं काही लिहू नको, फोटोही नको. एवढंच लिही, आजीचं पाखरू परत आलंय. तुझ्या बेहड्यावर बसलंय."